दुग्धशाळेतील उमेदवारी

माझा मामेभाऊ इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षात असून एका दुग्धशाळेत ‘कंट्रोल’ची उमेदवारी करतो. आम्हां कलाशाखेच्या मंडळींना कंट्रोल म्हटले की रेशनचे दुकान आठवते! येथे अर्थ यंत्रांच्या नियंत्रणाचा. दूध ७२ अंश सेल्सिअसला निदान १५ सेकंद राहिले, तरच त्यातील रोगजंतू मरतात. नळीतील तापमापक पीएलसी नावाच्या छोट्या संगणकाला आकडा कळवतो. आकडा घसरला की झडप वळते आणि दूध पिशव्यांकडे न जाता पुन्हा तापण्यासाठी मागे जाते. गंमत अशी की, झडप पुढच्या बाजूस धरून ठेवायला हवेचा दाब लागतो. वीज किंवा हवा गेली की स्प्रिंग तिला आपोआप मागे वळवते. म्हणजे बिघाड झाला तरी अर्धवट तापलेले दूध पुढे जाऊ नये, ही सोय मुळातच केलेली.

शिकाऊ मुलाला प्रोग्रॅमला हात लावू देत नाहीत, आणि ते योग्यच. तो तापमापकाचा आकडा प्रमाण तापमापकाशी ताडून वहीत लिहितो. काम कंटाळवाणे खरे. पण तापमापकच दोन अंश जास्त दाखवू लागला, तर संगणक ७० अंशांचे दूध निमूटपणे पुढे धाडील. झडप वळणार नाही, घंटा वाजणार नाही. तो फरक दिसेल, तर त्या वहीत.