झिजलेला काळा थर जातो कुठे?

अमेरिकेच्या उपनगरांत घराचे गॅरेज आणि सार्वजनिक रस्ता यांना जोडणारी जी खासगी वाट असते, तिला ड्राइव्हवे म्हणतात. डांबरी ड्राइव्हवे ऊन, बर्फ आणि मोटारींच्या वर्दळीने काही वर्षांत करडा पडतो, त्यातील खडी उघडी होते, बारीक भेगा पडतात. मग घरमालक तो धुऊन, भेगा बुजवून, त्यावर लांब दांड्याच्या रबरी पट्टीने काळ्या द्रवाचे दोन पातळ हात देतो. या लेपाला सीलकोट म्हणतात आणि तो दर काही वर्षांनी पुन्हा लावला जातो. थर झिजतो हे सर्वांनाच ठाऊक होते. झिजलेला थर जातो कुठे, याचा विचार मात्र दीर्घकाळ फारसा झाला नाही.

सीलकोट मुख्यतः दोन प्रकारचा असतो. एक खनिज तेलाच्या शुद्धीकरणातून उरणाऱ्या बिटुमेनचा. दुसरा कोलटारचा, म्हणजे पोलादाच्या भट्ट्यांसाठी कोक तयार करताना दगडी कोळशातून निघणाऱ्या डांबराचा. रॉकी पर्वतांच्या पश्चिमेला पहिला आणि पूर्वेला दुसरा अधिक रुळला. दोन्ही सारखेच काळे दिसत असले, तरी खरा फरक ‘पीएएच’ या संयुगांचा आहे. बेंझिनची वलये एकमेकांना जोडून ही संयुगे बनतात. कपाटातली डांबरगोळी ज्या नॅप्थलीनची असे, ते त्यांतले सर्वांत साधे, दोन वलयांचे, तर पाच वलयांचे बेंझोपायरिन कर्करोगकारक आहे. धुराडी साफ करणाऱ्यांना काजळीमुळे होणारा कर्करोग पर्सिव्हल पॉट या इंग्रज शल्यविशारदाने 1775 मध्ये नोंदवला होता, आणि 1915 मध्ये यामागिवा व इचिकावा या जपानी संशोधकांनी सशांच्या कानांना वारंवार कोलटार लावून प्रयोगशाळेत कर्करोग निर्माण केला होता. इतके जुने ज्ञान हाती असताना तोच पदार्थ मुले खेळतात त्या जमिनीवर पसरला जात राहिला, ही गोष्ट क्लेशदायक आहे.

उत्तराचा माग टेक्सासमधील ऑस्टिन शहरात लागला. तेथील ओढ्यांच्या गाळात पीएएचचे प्रमाण अनपेक्षितपणे जास्त आढळले, आणि अमेरिकी भूशास्त्रीय सर्वेक्षण संस्थेच्या बार्बरा माहलर, पीटर व्हॅन मीटर व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनाने त्याचा संबंध वाहनतळांवरील सीलकोटशी जोडला. कोलटारच्या सीलकोटमध्ये पीएएच बिटुमेनच्या सीलकोटपेक्षा सुमारे 1,000 पट असते. टायरखाली भरडलेला थर धूळ होतो, पावसाबरोबर ओढ्यात उतरतो, आणि बुटांना चिकटून घरातही शिरतो: 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्या सदनिकांचे वाहनतळ कोलटारने लेपलेले होते, त्यांच्या घरातील धुळीत पीएएच इतर घरांच्या सुमारे 25 पट आढळले. रांगणारे मूल जमिनीला लावलेला हात तोंडात घालते, हे लक्षात घेतले की या आकड्याचे गांभीर्य कळते.

ऑस्टिनने 2006 च्या आरंभापासून कोलटार सीलकोटवर बंदी घातली; देशातील ही अशी पहिली बंदी होती. मोटारींचा धूर आणि इतर ज्वलन यांचा वाटा दुर्लक्षिला जातो, असा आक्षेप उत्पादकांनी घेतला, आणि शहरात पीएएचचे अनेक स्रोत असतात हे खरेच आहे. मात्र बंदीनंतर लेडी बर्ड लेक या जलाशयाच्या तळगाळातील पीएएचचे प्रमाण सुमारे 58 टक्क्यांनी घटल्याचे 2014 मध्ये दिसून आले, आणि हा पुरावा त्या आक्षेपाहून वजनदार आहे. राज्यव्यापी बंदीत वॉशिंग्टन राज्याने 2011 मध्ये पुढाकार घेतला, पण संपूर्ण देशाला लागू होणारी बंदी झाली नाही, त्यामुळे निवड बऱ्याच ठिकाणी घरमालकावरच राहिली.

तिथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांपुढेही हीच निवड आहे. डब्यावरील ‘ड्राइव्हवे सीलर’ या नावावरून आतला पदार्थ कळत नाही, म्हणून उत्पादनाचे सुरक्षा-माहितीपत्रक मागून त्यात कोलटार पिचचा 65996-93-2 हा रासायनिक नोंदणी क्रमांक आहे का ते पाहावे. काम ठेकेदाराला द्यायचे असल्यास हेच पत्रक आधी मागावे, आणि जुना थर कोरडा खरवडून त्याची धूळ उडवू नये.