पोलादी तुळई वाकडी का होते?

केंपेगौडाने १५३७ साली वसविलेल्या बंगळूरच्या जुन्या पेठेत चिकपेट, म्हणजे धाकटी पेठ, हा भाग येतो. रेशमी साड्यांच्या दुकानांनी तो आजही गजबजलेला असतो. २०१७ सालापासून त्याच्या पोटातून भुयारी रेल्वेही धावते. अशा दाट वस्तीत दुकानाला पोलादी माळा घालावयाचा झाल्यास लांब तुळई बोळातून वळवून आणणे कठीण. पट्ट्या आणून त्या जागेवरच वितळजोडाने, म्हणजे वेल्डिंगने, सांधणे सोयीचे पडते. मात्र सरळ पट्ट्यांपासून सिद्ध झालेली तुळई पुष्कळदा वाकडी निघते.

याचे कारण उष्णतेत आहे. पोलादाची १ मीटर लांबीची पट्टी १०० अंशांनी तापविली, तर ती सुमारे १.२ मिलिमीटर वाढते. तिची टोके घट्ट धरून ठेवली, तर साधे बांधकामी पोलाद एवढ्याच तापमानवाढीने कायमचे दबू लागण्याच्या सीमेवर येते. सांध्यापाशी तर ते सुमारे १५०० अंश सेल्सियसला वितळलेले असते! सभोवतालचा थंड धातू त्या तप्त भागाला पसरू देत नाही. तो तेथेच दबतो आणि निवताना आखूड पडून शेजाऱ्यांना ओढू लागतो. मागे उरणाऱ्या या ओढीस ‘अवशिष्ट प्रतिबल’ म्हणतात.

आता इंग्रजी ‘आय’ अक्षराच्या आकाराची, तीन पट्ट्यांची तुळई घ्यावी. तिला चार लांब सांधे असतात. खालचे दोन्ही सांधे प्रथम पुरे केले, तर उलट्या ‘टी’सारखा तो भाग खालून आखडतो व मध्ये कमानीसारखा उचलला जातो. मग वरची पट्टी जोडली असता तिची ओढ उलट दिशेने काम करते खरी. परंतु तोवर तुळई अधिक ताठ झालेली असते, आणि तेवढ्याच ओढीने पहिला बाक पुरता फिटत नाही. धातू तोच, कारागीरही तोच. चुकला तो क्रम. म्हणून तिन्ही पट्ट्या आधी टाके मारून एकत्र धरावयाच्या आणि मग चारही सांधे आळीपाळीने, समोरासमोर, थोडेथोडे भरावयाचे. लांब सांधा मध्यापासून टोकांकडे न्यावा, आणि त्यातील प्रत्येक लहान तुकडा मात्र उलट दिशेने भरावा. पट्ट्यांची लांबी वाढविणारे टोकाचे सांधे त्या मोकळ्या असतानाच उरकावेत, कारण आखडण्यास तेव्हा वाव असतो.

पट्ट्या पकडींत जखडून टाकल्या तर बाक कमी येतो, पण आतील ओढ वाढते. बाहेरून सरळ दिसणारी तुळई आतून निश्चिंत असेलच असे नाही. बेल्जियममध्ये हासेल्ट येथील आल्बर्ट कालव्यावरचा वितळजोडाचा पूल १४ मार्च १९३८ रोजी तडकला आणि काही मिनिटांत कोसळला. पोलादाचा ठिसूळपणा, सांध्यांची रचना आणि अवशिष्ट प्रतिबले या सर्वांचा त्यात वाटा होता. केवळ क्रमाला दोष देणे योग्य होणार नाही.

मोठ्या कारखान्यात तुळई फिरविण्यास यंत्रे असतात. बोळातल्या कामावर ती माणसांनीच उलटवावी लागते, आणि सांधे आळीपाळीने घ्यावयाचे तर पुन्हा पुन्हा. एक बाजू संपवून मगच दुसरीकडे वळण्याचा मोह तेथेच होतो.