पोच आधी की नोंद आधी?

अमरावती किंवा अकोल्याच्या बाजार समितीत हंगामाच्या दिवसांत एखाद्या सकाळी चक्कर मारावी. तुरीचे माप झाले की शेतकरी अडत्याच्या दुकानापुढे उभा राहतो. दिवाणजी रोजकीर्दीत एक ओळ खरडतात, पट्टी फाडून हातात देतात आणि शेतकरी मोकळा होतो. खतावणीतले त्याचे पान उघडून मागचे येणे-देणे जुळवण्याचे काम संध्याकाळी, गर्दी ओसरल्यावर होते. दर माणसामागे खतावणीचे पान शोधत बसले तर रांग रस्त्यापर्यंत जाईल. उलट, सगळे नुसते लक्षात ठेवून पट्ट्या वाटल्या आणि दुपारी दिवाणजींना भोवळ आली, तर? पट्ट्या लोकांच्या हातात आणि दुकानात कशाचीच नोंद नाही!

अनेक संगणकांच्या फाइली एकाच ठिकाणी ठेवणाऱ्या सर्व्हरपुढे नेमका हाच पेच असतो. अमरावतीतल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात आम्हाला तो जवळून पाहायला मिळाला. तिथल्या सर्व्हरबद्दल दोन तक्रारी होत्या. प्रयोगशाळेतून धड्यांच्या चित्रफिती त्यावर चढवायला फार वेळ लागतो, ही एक. कार्यालयात प्रवेशाची नोंद करताना पडदा थबकून राहतो, ही दुसरी. पुरवठादाराने दोन्हींवर एकच औषध सुचवले : नोंदींसाठी वेगळे, वेगवान ‘लॉग डिव्हाइस’ घ्या. घ्यावे की नाही, हे ठरवायचे कसे?

त्यासाठी आधी डिस्क किती मंद असते ते पाहू. नेहमीची फिरती डिस्क मिनिटाला ७२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. हवी ती जागा वाचक-टोकाखाली यायला सरासरी अर्धा फेरा, सुमारे ४ मिलिसेकंद लागतात. टोक योग्य वर्तुळावर सरकायला आणखी ८ धरा. एका नोंदीला १२ मिलिसेकंद, तर सेकंदाला किती नोंदी? हे गणित आठवीची मुलेही करतील : साधारण ऐंशी. प्रोसेसर सेकंदाला अब्जावधी क्रिया करतो, तिथे हा आकडा केविलवाणाच म्हणायचा.

म्हणून सर्व्हर आलेली माहिती आधी आपल्या स्मृतीत ठेवतो आणि नंतर एकगठ्ठा डिस्कवर उतरवतो. झेडएफएस ही आज अनेक साठवण-सर्व्हरांत वापरली जाणारी पद्धत साधारणपणे दर पाच सेकंदांनी असा गठ्ठा उतरवते. पण स्मृतीतले सगळे वीज जाताच पुसले जाते. चित्रफीत चढवताना हे चालून जाते, कारण मूळ प्रत आपल्यापाशी असते, पुन्हा चढवू. प्रवेशाच्या नोंदीचे तसे नाही. तिथला विदासंच सर्व्हरला बजावतो, “पक्के लिहून झाल्याशिवाय ‘झाले’ म्हणू नकोस.” कारण ते ‘झाले’ ऐकूनच धारणीहून आलेल्या एखाद्या वडिलांच्या हातात फीची पावती पडणार असते.

अशा पक्क्या पोचेसाठी झेडएफएस रोजकीर्द ठेवते. नोंद लगेच तिच्यात जाते, पोच दिली जाते, आणि खतावणीचे काम पाच सेकंदांच्या गठ्ठ्याबरोबर सावकाश होते. इथे एक गैरसमज हटकून आढळतो. वेगळे उपकरण घेतले नाही तर रोजकीर्दच नसते, असे अनेकांना वाटते. ती असतेच, फक्त त्याच मंद डिस्कांवर असते. वेगळे उपकरण घेणे म्हणजे तीच वही आतल्या कपाटातून काढून टेबलावर ठेवणे. दुसरा गैरसमज असा की, सगळी माहिती या उपकरणातून पुढे डिस्कवर जाते. तसेही नाही. गठ्ठा उतरतो तो थेट स्मृतीतून. रोजकीर्द उघडून वाचण्याची वेळ फक्त अपघातानंतर येते.

हा पेच जुना आहे. सन मायक्रोसिस्टिम्स ही कंपनी १९८२ साली निघाली (तिच्या संस्थापकांपैकी विनोद खोसला यांचा जन्म पुण्याचा). फाइली नेटवर्कवरून वापरण्यासाठी तिने काढलेल्या एनएफएस पद्धतीच्या दुसऱ्या आवृत्तीत नियमच होता की, नोंद पक्की झाल्याशिवाय सर्व्हरने पोच द्यायची नाही. नियम प्रामाणिक, पण काम रखडवणारा. म्हणून १९८९च्या सुमारास ‘प्रेस्टोसर्व्ह’ नावाचे कार्ड बाजारात आले. त्यावर बॅटरीच्या आधाराने जिवंत राहणारी स्मृती होती. १९९५च्या तिसऱ्या आवृत्तीने नियम सैल केला : आधी भराभर लिहा, शेवटी एकदाच पक्के करून घ्या. पुढे सननेच झेडएफएस तयार केली आणि २००७मध्ये तिच्यात वेगळ्या लॉग उपकरणाची सोय आली.

आता महाविद्यालयाकडे वळू. कसोटी सोपी आहे आणि फुकट आहे. खोट्या नोंदींचा एक संच घ्यायचा, त्याच्यापुरती पक्क्या पोचेची सक्ती, म्हणजे ‘सिंक’, तात्पुरती बंद करायची आणि तेच काम दोनदा मोजायचे. वेगळी रोजकीर्द कितीही चपळ असली तरी रोजकीर्द मुळीच नसण्याइतकी चपळ होऊ शकत नाही. तेव्हा सक्ती बंद करूनही वेग वाढला नाही, तर उपकरणानेही वाढणार नाही.

चित्रफितींच्या बाबतीत वेग जराही बदलला नाही. खरा दोषी होता प्रयोगशाळेतला जुना १०० मेगाबिटचा स्विच. त्यातून सेकंदाला फार तर साडेबारा मेगाबाइट जातात, म्हणजे चार गिगाबाइटच्या चित्रफितीला पाच मिनिटांहून अधिक वेळ. तिथे स्विच बदलायला हवा होता. कार्यालयाचे काम मात्र सक्ती बंद करताच झपाट्याने झाले. म्हणजे उपकरणाची गरज तिथे खरीच होती.

“मग सक्ती कायमचीच बंद ठेवू की! पैसेही वाचतील,” असे एक शिक्षक म्हणाले. वीज जाऊन आल्यावर सर्व्हर धडधाकट उठेल, फाइलींची रचनाही मोडणार नाही; फक्त शेवटच्या काही सेकंदांतल्या नोंदी नसतील. पण पावती तर देऊन झालेली! प्रवेश जूनमध्ये, आणि वऱ्हाडात वादळी पावसाने वीज जाण्याचे दिवसही तेच. यूपीएसने धोका कमी होतो, संपत नाही. सर्व्हरचा वीजपुरवठा करणारा भागच जळाला, तर बाहेरची बॅटरी काय करणार?

उपकरण घ्यायचे तर मोठे नको. गिगाबिट नेटवर्कवरून सेकंदाला जास्तीत जास्त १२५ मेगाबाइट येतील, पाच सेकंदांत ६२५. असे तीन गठ्ठे धरले तरी दोन गिगाबाइटच्या आत काम भागते. पाहायचे ते वेगळेच : वीज गेल्यावर हातातली नोंद पुरी करण्यापुरती ऊर्जा साठवणारे संधारित्र त्यात आहे का? स्वस्त एसएसडीत ते बहुधा नसते. मग ती एक तर प्रत्येक पक्क्या नोंदीला रेंगाळते, नाही तर न लिहिताच ‘झाले’ म्हणते. आणि दुसरे पहिल्याहून वाईट. शिवाय रोजकीर्दीवर लिखाण अखंड चालते, म्हणून वारंवार लिहिण्याची तिची क्षमताही पाहून घ्यावी.

वर्गात हे करून पाहता येते. एक मुलगा ‘सर्व्हर’ होतो, व्हरांड्याच्या टोकाचे कपाट ही ‘डिस्क’. बाकीची मुले त्याला चिठ्ठ्या देऊन पोच मागतात. पहिल्या फेरीत चिठ्ठी हातात घेताच पोच द्यायची, दुसऱ्या फेरीत कपाटात ठेवून आल्यावर, तिसऱ्या फेरीत टेबलावरच्या वहीत उतरवून. मधेच कोणी तरी “वीज गेली!” असे ओरडले की सर्व्हरच्या हातातल्या चिठ्ठ्या फाडून टाकायच्या. मग दर फेरीत किती पोचा दिल्या आणि त्यांतल्या कितींची नोंद कपाटात किंवा वहीत सापडते, ते फळ्यावर मांडावे. ओरडण्याचे काम वर्गातल्या सर्वांत खोडकर मुलाला द्यावे. त्याला नेमकी वेळ साधता येते.