एकाच चिठ्ठीवरचं माप

वेबकॅम जोडला की व्हिडिओ कॉलच्या प्रोग्रॅमला चित्र मिळतं. पण प्रोग्रॅम कॅमेऱ्याला थेट हात लावू शकत नाही. तो कर्नेलमधल्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातल्या, ड्रायव्हरकडे मागणी करतो. दोघं वेगवेगळ्या लोकांनी लिहिलेले. मग जुळतं कसं? चौकट एका सुताराची, झडप दुसऱ्याची, माप मात्र एकाच चिठ्ठीवरचं, तसंच. ही चिठ्ठी म्हणजे हेडर फाइल: कोणत्या आज्ञेचा क्रमांक कोणता, कोणती माहिती किती बाइटची.

खरी मेख मापात आहे. लिनक्सवर 'लाँग' हा आकड्याचा प्रकार ३२ बिटी प्रोग्रॅममध्ये ४ बाइटचा, ६४ बिटी कर्नेलमध्ये ८ बाइटचा. झडप बसणारच नाही! म्हणून चिठ्ठीत ठरावीक मापाचेच प्रकार हवेत.

२०१२ साली, लिनक्स ३.७ मध्ये, कर्नेलबाहेरच्या प्रोग्रॅमना द्यायच्या हेडर फाइल 'यूएपीआय' या वेगळ्या फोल्डरमध्ये गेल्या. ड्रायव्हर लिहिणाऱ्यांनो, चिठ्ठीची हातानं नक्कल करू नका. तीच फाइल दोन्हीकडे वापरा.