देवळाली ते ‘डूलॅली’ : इंग्रजी बोलभाषेतील काही सैनिकी शब्दांचा मराठी मुलुखाशी संबंध

प्रस्तावना

इंग्लंडमध्ये घरी-बाजारी सर्रास ऐकू येणारे, पण आपल्याकडील पाठ्यपुस्तकांत क्वचितच आढळणारे असे कितीतरी शब्द इंग्रजीत आहेत. कोशकार त्यांना ‘स्लँग’ या सदरात टाकतात. ग्रामीण महाविद्यालयातील विद्यार्थ्याला ग्रांथिक इंग्रजी शिकविली जाते आणि आपल्या मातृभाषेचा स्पर्श झालेली इंग्रजी म्हणजे सदोष इंग्रजी, अशी त्याची समजूत होऊन बसते. या समजुतीपोटी तो वर्गात तोंड उघडण्यासही बिचकतो. वस्तुतः इंग्रजी बोलभाषेने ह्याच प्रदेशातील शब्द ऐकून, मोडून, स्वतःच्या जिभेला सोयीचे करून घेतले आहेत. प्रस्तुत लेखात त्यांपैकी मुख्यतः एका शब्दाचा विचार केला आहे.

छावणीतील भाषा

ऑगस्ट १८०३ मध्ये अहमदनगरचा (आजचे अहिल्यानगर) किल्ला इंग्रजांच्या ताब्यात गेला व पुढे भिंगारलगत त्यांची कायमची छावणी उभी राहिली. अशा छावण्यांतील गोरा शिपाई व्याकरण शिकून नव्हे, तर कानाने भाषा शिकत असे. धोबी, भिस्ती, बाजारातील दुकानदार हेच त्याचे शिक्षक. ही भाषा प्रामुख्याने मोडकी हिंदुस्थानी होती. ‘देखो’वरून ‘डेको’, म्हणजे एक ओझरती नजर; ‘चिठ्ठी’वरून ‘चिट’; ‘पक्का’ तर जवळजवळ जसाच्या तसा. ‘विलायती’चे झाले ‘ब्लायटी’ आणि त्याचा अर्थ ठरला मायदेश. पहिल्या महायुद्धात जी जखम शिपायाला खंदकातून थेट घरी पोहोचवील, तिलाही सैनिक ‘ब्लायटी’च म्हणत. नगर जिल्ह्यात विलायती चिंच आणि विलायती बाभूळ सर्वांच्या परिचयाची आहे. येथे ‘विलायती’ म्हणजे बाहेरून आलेले. शिपायाच्या तोंडी त्याच शब्दाला घरच्या ओढीचा अर्थ आला.

देवळालीचा ताप

नगरकरांना देवळाली म्हटले की राहुरी तालुक्यातील देवळाली प्रवरा आठवते. येथे अभिप्रेत आहे ती शेजारच्या नाशिक जिल्ह्यातील देवळाली कॅम्प. १८६१ च्या सुमारास तेथे लष्करी तळ झाला. नव्याने आलेले शिपाई तेथून निरनिराळ्या पलटणींकडे जात आणि मुदत संपलेले शिपाई मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत तेथेच थांबत. सैन्य नेणारी जहाजे मुख्यतः हिवाळ्याच्या महिन्यांतच सुटत. ज्याची मुदत हंगाम संपताना पुरी होई, त्याला पुढील हंगामापर्यंत खोळंबावे लागे. काम नाही, शिस्त सैल, उन्हाळा कडक आणि दारू हाताशी! फ्रँक रिचर्ड्स या माजी सैनिकाने १९३६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत या कंटाळवाण्या मुक्कामाचे व त्यातून बिघडलेल्या माणसांचे वर्णन केले आहे. अशा माणसाला ‘डूलॅली टॅप’ झाला असे म्हणत. यातील ‘टॅप’ म्हणजे आपला ‘ताप’. म्हणजे हा शब्दप्रयोग मुळात ‘देवळालीचा ताप’ असा आहे.

ध्वनिपरिवर्तनही पाहण्यासारखे आहे. ‘ळ’ हा वर्ण इंग्रजीत नाही, म्हणून तेथे ‘ल’ आला. ‘देव’मधील ‘व’ शिरोरेखेखालून रोमन लिपीत जाताना ‘ओ’ झाला व बोलताना पहिले दोन स्वर मिळून ‘ऊ’ उरला. दंत्य ‘द’ची जागा ‘ड’ने घेतली. १९२५ मध्ये फ्रेझर व गिबन्स यांनी संकलित केलेल्या सैनिकी शब्दकोशात हा प्रयोग नोंदला गेला. कालांतराने ‘टॅप’ गळून पडला. नुसते ‘डूलॅली’ म्हणजे वेडसर, असा अर्थ राहिला आणि त्याबरोबर ताप, जहाज, खोळंबा हे सारे विस्मृतीत गेले. आज इंग्रज गृहिणी पावसाला कंटाळलेल्या मुलांबद्दल हा शब्द हसत वापरते. त्यामागे मन हरवलेली खरी माणसे होती, हे तिला ठाऊक असण्याचे कारण नाही. मराठीतही ‘याला येरवड्याला पाठवा’ असे आपण सहज म्हणतो. तेथील मनोरुग्णालयातील रुग्ण अशा वेळी कोणाच्या डोळ्यांसमोर असतो?

लोकव्युत्पत्ती

अपरिचित ध्वनींना ओळखीच्या शब्दांचे रूप देण्याची ही प्रवृत्ती यूल व बर्नेल यांच्या १८८६ च्या कोशाच्या नावातच दिसते. ‘हॉब्सन-जॉब्सन’ हे नाव मोहरममधील ‘या हसन, या हुसेन’ या आक्रोशाचे गोऱ्या शिपायांनी केलेले रूप होय. नगरच्या मोहरमच्या सवाऱ्या पाहिलेल्यांना ते निराळे सांगावयास नको. मात्र प्रत्येक रंजक व्युत्पत्ती खरी मानू नये. ‘पॉश’ हा शब्द भारताच्या जलप्रवासातील सावलीच्या खोल्यांच्या तिकिटांवरील आद्याक्षरांपासून झाला असे सांगतात. तसे तिकीट आजवर कोणी दाखविलेले नाही.

देवाणघेवाण एकतर्फी नव्हती. ‘रिक्रूट’चा ‘रंगरूट’ झाला, ‘ऑर्डर्ली’चा ‘अर्दली’. ‘पलटण’ तर इतकी आपली झाली की घरात पाहुण्यांची मुले जमली तरी ‘पलटण आली’ असे म्हणतात.

या छावणीभाषेच्या वातावरणात वाढलेल्यांपैकी एक पुढे इंग्रजी विनोदात अग्रगण्य ठरला. स्पाइक मिलिगन यांचा जन्म १६ एप्रिल १९१८ रोजी अहमदनगर येथे झाला. वडील ब्रिटिश लष्करात होते. बालपण पुणे व रंगून येथे घालवून ते इंग्लंडला गेले. १९५१ ते १९६० या काळात बीबीसी नभोवाणीवर गाजलेल्या ‘द गून शो’चे ते प्रमुख लेखक होते. त्यात लालकाका व बॅनर्जी ही भारतीय पात्रेही येत. शब्दांचे आवाज मोडून त्यातून हसू काढण्याची जी हातोटी इंग्रज श्रोत्यांना अपूर्व वाटली, ती छावणीतील शिपायांच्या रोजच्या सवयीहून फार दूरची नव्हती.