संगणकातला हेर कसा शोधावा?

घरचा संगणक मंद चालू लागला किंवा न मागता जाहिराती दिसू लागल्या, की ‘व्हायरस आला’ असे आपण म्हणतो. पण कसलीही लक्षणे न दाखवता काम करणारे प्रोग्रॅमही असतात. आपण काय टाइप करतो, कोणती पाने बघतो, याची नोंद करून ती गुपचूप बाहेर पाठवणारा प्रोग्रॅम म्हणजे स्पायवेअर, म्हणजेच हेर. व्हायरस स्वतःच्या प्रती काढून पसरतो. हेराला त्याची गरज नसते. बहुतेक वेळा आपणच त्याला घरात घेतो: फुकटच्या खेळाबरोबर, ‘क्रॅक’ केलेल्या सॉफ्टवेअरबरोबर किंवा ब्राउझरच्या एखाद्या एक्स्टेन्शनबरोबर.

बँकेच्या पानावर कुलपाचे चिन्ह दिसले, म्हणजे पासवर्ड सुरक्षित, असे समजायचे का? कुलूप सांगते ते इतकेच, की संगणकातून बाहेर पडणारी माहिती वाटेत कोणाला वाचता येणार नाही. पण आपण कळ दाबतो तेव्हा ते अक्षर आधी ऑपरेटिंग सिस्टिमकडे जाते, मग ब्राउझरकडे, आणि त्यानंतर ते सांकेतिक रूपात बदलते. हेर या साखळीत अलीकडेच बसलेला असेल, तर कुलूप लागण्यापूर्वीच अक्षर त्याच्या हाती पडते.

मग हेर शोधायचा कसा? यासाठी २००५ सालची एक घटना पाहण्यासारखी आहे. मार्क रुसिनोविच हे संगणकतज्ज्ञ स्वतः तयार केलेले एक शोधसाधन आपल्याच संगणकावर चालवून पाहत होते. त्यांना काही लपवलेल्या फाइल्स सापडल्या. माग काढत गेल्यावर कळले, की त्या सोनी बीएमजी कंपनीच्या गाण्यांच्या एका सीडीतून आल्या होत्या. गाण्यांच्या प्रती काढता येऊ नयेत म्हणून सीडीबरोबर एक प्रोग्रॅम बसवला जात होता. हा प्रोग्रॅम विंडोजच्या गाभ्यात शिरून, दोन डॉलर-चिन्हांमध्ये ‘सिस’ ही अक्षरे अशी सुरुवात असलेल्या नावाची कोणतीही फाइल यादीतून गायब करत असे. रुसिनोविच यांनी विंडोजच्या साध्या नोटपॅडच्या प्रतीला तसे नाव देऊन पाहिले, तर तीही दिसेनाशी झाली!

त्यांच्या साधनाची युक्ती कोणत्याही शिक्षकाला लगेच पटेल. समजा, वर्गातल्या हजेरीची यादी आपण मॉनिटरकडून घेतली आणि मॉनिटरच फितूर असला, तर ती यादी किती वेळा तपासली तरी काही हाती लागणार नाही. पण आपण स्वतः बाकांवरची डोकी मोजली आणि दोन्ही आकडे जुळले नाहीत, तर लपवाछपवी उघड होते. या साधनानेही तेच केले. एक यादी विंडोजकडून मागवली, दुसरी थेट डिस्कवरच्या नोंदी वाचून केली, आणि दोन्हींतला फरक पाहिला.

पुढे काय झाले, तेही महत्त्वाचे आहे. नोव्हेंबर २००५ मध्ये दुसऱ्याच कोणाच्या घातक प्रोग्रॅमने तेच नाव धारण करून त्या आडोशाचा फायदा घेतला. सीडीचा प्रोग्रॅम हाताने काढल्यावर रुसिनोविच यांच्या संगणकाला सीडी-ड्राइव्हच दिसेना. तो काढण्यासाठी कंपनीने वेबवर दिलेल्या साधनाने नवीच फट उघडी राहते, असे प्रिन्स्टन विद्यापीठातल्या हाल्डरमन आणि फेल्टन यांनी दाखवून दिले. अखेर कंपनीला त्या सीडी बाजारातून परत घ्याव्या लागल्या.

यातून घरच्या संगणकासाठी काय घ्यायचे?

पहिले म्हणजे, रोजच्या कामासाठी ॲडमिनिस्ट्रेटरचे खाते वापरू नये. सिस्टिमच्या गाभ्यात शिरायला त्याचेच अधिकार लागतात; साध्या खात्यात तो मार्ग बराच अरुंद होतो. मुलांसाठी तर वेगळे साधे खातेच असावे. दुसरे, सिस्टिम आणि ब्राउझर अद्ययावत ठेवावेत. विंडोज १० चा नेहमीचा आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला आहे, हे शाळांनीही ध्यानात घ्यावे. तिसरे, सॉफ्टवेअर मूळ निर्मात्याकडूनच घ्यावे आणि बसवताना आधीच खुणा केलेल्या चौकटी वाचून नको त्या खुणा काढाव्यात.

आणि हेर शिरलाच असेल तर? क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम इंटरनेट तोडावे, म्हणजे माहिती बाहेर जाणे थांबेल. आपले लेख, फोटो वेगळ्या डिस्कवर काढून घ्यावेत, मात्र प्रोग्रॅम घेऊ नयेत. अनोळखी प्रोग्रॅम आणि एक्स्टेन्शन्स काढून टाकावीत. मग विंडोजमधल्या डिफेंडरची ‘ऑफलाइन’ तपासणी चालवावी. ती नेहमीची विंडोज सुरू होण्याआधी चालते, म्हणजे फितूर मॉनिटर वर्गात येण्याआधीच डोकी मोजून होतात. एवढ्यावरही शंका उरली, तर डिस्क पुसून सिस्टिम नव्याने बसवणे हाच खात्रीचा उपाय.

पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या, स्वच्छ संगणकावरून. बाधित संगणकावर बदलले, तर हेराला नवा पासवर्ड आयताच मिळतो! बँकेतून पैसे गेले असतील तर विनाविलंब बँकेला आणि १९३० या क्रमांकावर कळवावे. भारत सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्रातर्फे सफाईची मोफत साधनेही मिळतात.

वर्गात करून पाहण्याजोगा एक उपक्रम सुचवतो. शाळेतल्या संगणकाच्या ब्राउझरमधली सर्व एक्स्टेन्शन्स विद्यार्थ्यांना फळ्यावर लिहायला सांगा. प्रत्येकापुढे तीन रकाने करा: ते काय काम करते, कोणती परवानगी मागते, आणि त्या कामासाठी ती परवानगी खरोखर लागते का? पानाचा रंग बदलणारे एक्स्टेन्शन ‘सर्व संकेतस्थळांवरील माहिती वाचण्याची आणि बदलण्याची’ परवानगी मागत असेल, तर तिसऱ्या रकान्यात काय लिहायचे यावर चांगलीच चर्चा रंगेल. पानाचा रंग बदलायला पान वाचावे लागते हे खरे. पण मग ते बँकेचे पानही वाचू शकते, हेही तितकेच खरे.