बाप्तिस्म्याआधीचे आठ गुरुवार

वर्ग साडेसातचा, म्हणजे सुरू होतो आठला. राहुरीच्या जवळ, नगर-मनमाड रस्ता सोडून थोडं आत गेलं की एका वाडीत पत्र्याच्या छपराचं छोटं चर्च लागतं. चपला बाहेर, आत सतरंजी, कोपऱ्यात ढोलकी आणि जुन्या लुगड्यात गुंडाळलेली पेटी. यंदा शिकायला चौघं आहेत. कांदा निवडायच्या कामावर जाणारी चाळिशीतली एक बाई, नगरच्या एमआयडीसीत कामाला असलेला तरुण आणि त्याची बायको, आणि नर्सिंग शिकणारी एक मुलगी. पहिल्या गुरुवारी पाळकसाहेब देवाबद्दल अवाक्षर काढत नाहीत. चौघांच्या हातात एकेक पवित्र शास्त्र देतात आणि म्हणतात, "मार्क काढा."

पाच मिनिटं कुणालाच मार्क सापडत नाही. तरुण अनुक्रमणिका शोधतो. बाई पहिल्या पानापासून एकेक पान उलटायला लागते. शास्त्राचा कागद इतका पातळ की कांद्याच्या टरफलांनी खरखरीत झालेल्या बोटांना एकदम तीन-चार पानं चिकटून येतात. ते पुस्तक म्हणजे खरं तर 66 पुस्तकांची पेटी आहे, जुन्या करारात 39 आणि नव्यात 27, आणि जुना करार एवढा जाड की नवा सुरू होईपर्यंत तीन चतुर्थांश पानं डाव्या हाताला गेलेली असतात. पाळकसाहेब बाईच्या हातातलं शास्त्र मिटतात, अंगठ्यानं कडेवर अंदाजे जागा दाखवतात आणि सांगतात, "इथं उघडायचं. मग मागंपुढं." तिसऱ्या प्रयत्नाला तिला मत्तय सापडतो, मत्तयाच्या पुढे मार्क. मग 'तीन पाच' म्हणजे तिसरा अध्याय, पाचवं वचन, हे समजावण्यात उरलेला तास जातो.

मार्कच का, यालाही कारण आहे. चारही शुभवर्तमानांत तो सर्वांत लहान, 16 अध्यायांचा, आणि त्यात येशू सारखा कुठे ना कुठे निघालेला असतो. हौसेनं उत्पत्तीपासून सुरुवात करणारे अब्राहाम, योसेफ करत समुद्र दुभंगेपर्यंत मजेत जातात. पुढे निवासमंडपाची मापं आणि यज्ञांचे नियम आले की वाचन थांबतं. "लोकांच्या घरची शास्त्रं बघा," पाळकसाहेब हसत म्हणतात, "लेवीयपर्यंतची पानं मळलेली, पुढं कोरी करकरीत."

या भागात पुस्तक हातात पडून माणूस बदलल्याची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. 1893 साली रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या सहप्रवाशानं नारायण वामन टिळकांना नवा करार दिला. टिळक हातात पेन्सिल घेऊन, खुणा करत वाचायच्या बेतानं बसले होते. डोंगरावरच्या प्रवचनापाशी आल्यावर त्यांना पुस्तक खाली ठेववेना. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण टिळक कवी होते, संस्कृत शिकलेले होते. एमआयडीसीतला तरुण पाळी संपवून, बसमध्ये पेंगत पेंगत आलेला असतो. तो दोन वचनं वाचतो आणि 'तेव्हा' म्हणजे नेमकं कधी, असं विचारतो. वर्गातले निम्मे प्रश्न श्रद्धेचे नसतात, जुन्या वळणाच्या मराठीचे असतात.

दुसऱ्या गुरुवारपासून पाठांतर. आधी प्रभूची प्रार्थना, मग प्रेषितांचा विश्वासांगीकार. पाठ करायला लावणं हल्ली मागासलेपणाचं समजतात, पण ही रीत चर्चच्या इमारतींहून जुनी आहे. 'दिदाखे' नावाची एक छोटीशी ग्रीक पुस्तिका आहे, नव्या विश्वासणाऱ्यांसाठी आरंभीच्या मंडळीनं लिहिलेली. शतकानुशतकं ती हरवल्यातच जमा होती. 1873 साली कॉन्स्टँटिनोपलमध्ये तिची हस्तलिखित प्रत सापडली आणि दहा वर्षांनी छापून आली. तिच्यात तत्त्वज्ञान थोडं आणि व्यवहार फार: बुधवारी आणि शुक्रवारी उपास करा, प्रभूची प्रार्थना दिवसातून तीनदा म्हणा. कांदा निवडणाऱ्या बाईला ती प्रार्थना दोन आठवड्यांत पाठ झाली. वाचून नव्हे. कामावर शेजारी बसणारी एक जुनी ख्रिस्ती बाई ओळीमागून ओळ सांगायची, ही निवडता निवडता म्हणायची.

खरी अडचण पाठ न केलेल्या प्रार्थनेची. चौथ्या गुरुवारी पाळकसाहेबांनी सांगितलं, आज प्रत्येकानं स्वतःच्या शब्दांत दोन वाक्यं बोलायची. डोळे मिटले. पंख्याचा आवाज. तरुणानं घसा खाकरून सुरुवात केली, "हे परमेश्वरा, आपण कृपा करून आमच्या विनंतीचा..." आणि अडकला. तहसील कचेरीतल्या अर्जाची भाषा होती ती. पाळकीणबाई मागं चहाचे पेले मांडत होत्या. त्या तिथूनच म्हणाल्या, "साहेबाला लिहिताय का दादा? आईला काय म्हणता घरी? तूच ना? मग तू म्हणा."

मराठीचं हे वैभव आहे आणि नवख्याला ते कुणीतरी दाखवून द्यावं लागतं. दारावर आलेल्या तलाठ्याला 'आपण' म्हणणारी भाषा विठोबाला 'तू' म्हणते, त्याच्याशी भांडते, रुसते. टिळक तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं सांगत. मराठी मंडळ्यांच्या 'उपासना-संगीत'मध्ये त्यांची पदं आहेत आणि या चर्चमध्ये ती अजूनही टाळ-ढोलकीवर म्हटली जातात. बाईचं माहेर माळकऱ्यांचं. गाण्याच्या वेळी तिला काहीच शिकवावं लागलं नाही. दुसऱ्या कडव्याला टाळ तिच्या हातात होते.

पाचवा गुरुवार प्रश्नांचा. हा दिवस पाळकसाहेब मुद्दाम मोकळा ठेवतात आणि त्यांच्या मते खरा वर्ग तोच. पहिला प्रश्न तरुणाच्या बायकोचा. शेजारी गणपती बसतो, मोदक घरी येतो, खायचा का? पाळकसाहेबांनी उत्तर दिलं नाही. करिंथकरांस पहिले पत्र काढायला लावलं, आठवा आणि दहावा अध्याय. मूर्तीला वाहिलेलं मांस खावं की नाही हे भांडण करिंथमध्ये पहिल्या शतकातच झालेलं. ते पत्र लिहिणाऱ्या पौलाचं म्हणणं थोडक्यात असं: वाढलेलं खा, चौकशी करत बसू नका, पण हे नैवेद्याचं आहे असं कुणी मुद्दाम सांगितलं तर त्याच्या मनासाठी खाऊ नका. चौघांनी चार अर्थ काढले. शेजारच्या गावातले पाळक मोदकाला साफ नाही म्हणतात. इथं ते ज्याच्या त्याच्यावर सोडलेलं आहे, आणि हे सोडून देणंच शिकणाऱ्यांना जास्त जड जातं. नियम मिळाला असता तर बरं, असं तरुणाच्या बायकोच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

नाव बदलायचं का? गरज नाही. टिळक नारायण वामनच राहिले आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई लक्ष्मीबाईच. मंगळसूत्र? इथल्या कितीतरी ख्रिस्ती बायकांच्या गळ्यात काळे मणी आहेत, फक्त वाट्यांच्या जागी क्रूस.

मग तरुणानं खालच्या आवाजात विचारलं, "जातीच्या दाखल्याचं काय?" या प्रश्नाला शास्त्रात अध्याय नाही. अनुसूचित जातींबाबतच्या 1950 च्या आदेशानं तो दर्जा हिंदूंपुरता ठेवला. पुढे 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आले नाहीत. पाण्याखाली जाऊन वर आलेल्या माणसाला गावानं पूर्वीसारखंच वागवलं तरी कागदाच्या लेखी तो आता वेगळा. पाळकसाहेबांनी हे सगळं सरळ सांगितलं, काही लपवलं नाही, आणि बजावलं, "घरी बोला. सावकाश ठरवा. तारीख पुढं ढकलता येते." शिकवणाऱ्यानं शिकणाऱ्याला परत फिरायची वाट दाखवावी, हे या आठ आठवड्यांतलं सगळ्यांत सचोटीचं काम वाटतं.

नर्सिंगच्या मुलीला तर त्यांनी थांबवलंच. तिनं आईला अजून सांगितलेलं नव्हतं. "आधी आई," ते म्हणाले. ती चिडली. तरी पुढचे तिन्ही गुरुवार आली.

लक्ष्मीबाई टिळकांचं उदाहरण त्यांनी तिला दिलं. टिळक कुटुंब या राहुरीतही राहिलेलं, त्यामुळे ती गोष्ट इथं घरातली म्हणून सांगतात. नवऱ्याच्या बाप्तिस्म्यानंतर लक्ष्मीबाई काही काळ वेगळ्या राहिल्या. परत आल्या तेव्हाही त्यांचं पाणी आणि चूल वेगळी होती. 'स्मृतिचित्रे' हे त्यांचं आत्मचरित्र वाचताना कळतं की त्यांच्या बाबतीत घाई कुणाच्या उपयोगाची नव्हती. आधी सोवळ्याची गाठ सुटली, कुणाच्याही हातचं खाण्यापिण्याचं मनानं घेतलं आणि मग 1900 साली बाप्तिस्मा झाला.

राहिला प्रश्न पाण्याचा. डोक्यावर ओतायचं की बुडवायचं? यावर मंडळ्या फुटल्या आहेत. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात सहा पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. त्यांत बाळांना बाप्तिस्मा देणारे होते आणि फक्त जाणत्यांना देणारेही, म्हणून तिथं दोन्ही रीती मान्य ठेवल्या. दिदाखेचं उत्तर शेतकऱ्यासारखं आहे: वाहतं पाणी असेल तर उत्तम, नसेल तर असेल ते, थंड नसेल तर कोमट, आणि तेवढंही नसेल तर डोक्यावर तीनदा ओता. दोघी बायकांनी ओतून घ्यायचं ठरवलं. तरुणाला बुडायचंच होतं.

मग हौद शोधणं आलं. मंडळीतल्या एका शेतकऱ्यानं विहिरीजवळचा हौद घासून दिला, पण शेतीची वीज त्या आठवड्यात रात्रीची. शनिवारी रात्री दोन वाजता मोटार सुरू करायला पाळकसाहेबांचा मुलगा बॅटरी घेऊन गेला. सकाळी पाणी कमरेला लागत होतं आणि गार होतं. बुडवण्याचीही एक तालीम असते. शिकणाऱ्यानं दोन्ही हात छातीशी धरायचे, एका हातात नाकाला लावायला रुमाल, गुडघे वाकवायचे आणि पाठीमागं अंग सोडून द्यायचं. पाळकाचा एक हात मानेखाली. अवघड आहे ते अंग सोडणं. आदल्या संध्याकाळी कोरड्या सतरंजीवर तरुणानं तीनदा करून पाहिलं, तिन्ही वेळा त्याचा पाय आपोआप मागं टेकला. पडताना स्वतःला सावरायचं, हे शरीर लहानपणीच शिकलेलं असतं. हौदात पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावानं तो खाली गेला तेव्हाही एक पाय वर आलाच. काठावरची पोरं हसली, पाळकसाहेबही हसले. रजिस्टरमध्ये तीन नावं चढली.

त्याच सकाळी पहिलं प्रभुभोजन. तिघं कठड्यापाशी गुडघे टेकून बसली. चौथ्या शतकात यरुशलेमच्या सिरिलनं नव्यानं बाप्तिस्मा घेतलेल्यांना भाकर कशी घ्यायची ते सांगून ठेवलं आहे: डावा तळहात उजव्याखाली सिंहासनासारखा धरा, आणि एक कणही सांडू देऊ नका. तरुणाला हात कसे धरायचे ते दाखवावं लागलं. कांदा निवडणाऱ्या बाईचा उजवा तळहात मात्र आपसूक डाव्यावर आला, बोटं मिटून खोलगट झाला. तीर्थ-प्रसाद घेताना आयुष्यभर तो तसाच येत होता.

पुढच्या मंगळवारी तिच्याच घरी प्रार्थना होती. दोन खोल्या, बारा माणसं, दारात शेळी. सगळ्यांनी तिला आग्रह केला, आता तू कर. तिनं पदर डोक्यावर घेतला, डोळे मिटले आणि बोलायला लागली. कांद्याच्या भावाबद्दल बोलली, सासूच्या गुडघ्याबद्दल, नर्सिंगच्या मुलीच्या आईबद्दल. देवाला म्हणाली, तू बघतोस ना हे सगळं. मग थांबली. बराच वेळ कुणी हललं नाही. शेवटी तिनंच एक डोळा उघडून शेजारणीला विचारलं, "आमेन म्हणले का गं मी?"